मागचं डावं चाक

गिअरचं तेल घेताना दुकानदाराचं ऐकायचं नाही, ही माझ्या नवऱ्याची, पियुषची शिकवण. अमरावतीला नबीभाईंच्या दुकानात मी गेले तेव्हा मे महिन्याचं ऊन शटरच्या आत शिरलं होतं. नबीभाईंनी सवयीनं सगळ्यात घट्ट तेलाचा डबा पुढे सरकवला.

"ताई, गर्मी पाहून राहिल्या ना? एकशे चाळीस नंबरचं न्या. ट्रकवाले हेच नेतात."

"ट्रकसाठी नको, नबीभाई. पियुषच्या गाडीसाठी हवंय."

त्यांनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरून दोन डबे काढले आणि फडक्यानं पुसले. "हे त्यायनंच मागवून ठेवलं होतं. मी कोणाले दिलं नाही."

एक डबा गिअरबॉक्सचा, दुसरा मागच्या डिफरेन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचा. जाडी एकच, पण मागचं तेल तिखट. ते गिअरबॉक्समध्ये गेलं की आतल्या पितळी कड्या हळूहळू खाऊन टाकतं. दिसायला सारखे, स्वभाव वेगळे, अगदी आपल्यासारखे, असं पियुष म्हणायचा. तिखट कोण ते मात्र सांगायचा नाही.

पियुष पौषात गेला. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या हृदय बंद पडलं. गाडीचा त्यात काही दोष नव्हता. जुनी जपानी टर्बो गाडी, चारही चाकांना ताकद जाणारी, त्यानं हौसेनं घेतलेली. हौसेला मोल नसतं. माझे सासरे वामनराव तेव्हा साऱ्या बडनेऱ्याला सांगत फिरायचे, "चारही चाकं ओढतेत म्हणे. अन् जातं कुठं, तर भाजी आणाले!" आता तेच गाडीकडे पाठ करून ओसरीवर बसायचे. त्यांच्यानं ती बघवत नव्हती, म्हणून विकायची ठरली. संध्याकाळी अकोल्याचा कुंदन ती न्यायला येणार होता.

मी साडी बदलून पियुषचा जुना शर्ट घातला आणि जॅक काढला, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, काहून जीव जाळून घेतं व? तो कुंदन घेईन ना तेल बदलून त्याच्या मिस्तरीकडून."

"पियुषनं तेल आणवून ठेवलं होतं, बाबा. तेवढं पुरं करते."

त्याचं दुसरं काहीच पुरं करता येण्यासारखं उरलं नव्हतं. हे त्यांनाही कळलं असावं. ते कूलर लावून आत जाऊन पडले.

टिनाच्या शेडखाली उन्हाची भट्टी पेटली होती. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घेतली, गिअर न्यूट्रल, हातब्रेक खाली. आधी भरायचा बोल्ट उघडायचा, मगच खालचा. उलट केलं आणि वरचा अडकून बसला, तर रिकामी पेटी घेऊन रडत बसावं लागतं. मागचा वरचा बोल्ट नेहमी आमचा दोघांचा घाम काढायचा. पान्याला पाइप लावून दोघांनी लटकायचं. आज मी पाना लावला, जरा जोर दिला, आणि तो फिरला. समोरून कुणी पान्याला हात लावावा तसा. उन्हानं धातू प्रसरतो, हे मीच तंत्रनिकेतनात पोरांना शिकवते. मी पुढच्या कामाला लागले.

काळं तेल परातीत उतरलं. कुजक्या अंड्यासारखा त्याचा वास शेडभर झाला, आणि मला भडभडून आलं. हा वास रविवारी त्याच्या केसांना असायचा. मी नाक चढवायची, दोनदा शांपू लाव म्हणायची. परातीजवळ बसून मी मनसोक्त रडून घेतलं. मग बोल्टच्या चुंबकावरचा लोखंडी कीस पुसला आणि नवं तेल भरलं.

राहिली शेवटची तपासणी. तिला दोन माणसं लागतात. या गाडीची चारही चाकं आतून एकमेकांना बांधलेली. एक हातानं फिरवलं की बाकीचीही फिरतात. मी पुढच्या उजव्या चाकाशी बसायची, तो मागच्या डाव्या. मध्ये गाडी, एकमेकांचं तोंड दिसत नाही. मी म्हणायची "धर", तो चाक घट्ट धरायचा, मी माझं हळूच मागंपुढं करून आतले दाते किती सैल झालेत ते हातानं जोखायची. मग "सोड". की पाळी बदलायची. तो फिरवणार, मी धरणार. फिरवणारा सोड म्हणेपर्यंत धरणाऱ्यानं हात काढायचा नाही, हा त्याचा नियम. पठ्ठ्या मुद्दाम वेळ लावायचा. माझे हात भरून यायचे, मी ओरडायची, आणि गाडीखालून हसू यायचं. "काहून व, थकली का?"

एकटीनं ती तपासणी होत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी जाऊन पुढच्या चाकाशी बसले. फिरवलं. चारही चाकं निमूट फिरली.

"धर," मी म्हटलं. सवयीनं.

चाक थांबलं.

उठून मागं गेले. मागच्या डाव्या चाकापाशी कुणी नव्हतं. हातब्रेक खालीच. चाक हातानं फिरवलं, सहज फिरलं. ब्रेकचं लायनर चिकटलं असेल, सुटलं असेल. ज्याचं कारण नाही असं काही नसतं, हे वाक्य मी दरवर्षी नव्या वर्गाला ऐकवते.

परत येऊन बसले. चाक मोकळं होतं.

"धर."

पुन्हा थांबलं. अडकल्यासारखं नाही. अडकलेलं लोखंड कडक असतं. हे धरलेलं होतं. जोर लावला की किंचित द्यायचं आणि परत घ्यायचं, मनगटासारखं.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा झाला, आणि त्याची लाज वाटली नाही. मी चाक मागंपुढं करत राहिले. दाते अगदी छान होते, तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी करत राहिले.

फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कुंदन आला होता.

ओसरीवरून सासऱ्यांचा आवाज आला. "आकांक्षा! आले ना ते लोकं. झालं का तुयं?"

आता द्यायला हवी होती. दुसऱ्याची झालेली गाडी अशी धरून ठेवता येत नाही, मला कळत होतं. मी कपाळ टायरला टेकलं. रबर तापलेलं होतं.

"सोड," मी म्हटलं.

त्यानं सोडलं. लगेच, नेहमीसारखं.

मी हात काढणार, तोच चाक माझ्या तळव्यांखाली हललं. जरासं पुढं. जरासं मागं. पलीकडून कुणीतरी सावकाश दाते जोखत होतं.

पाळी बदलली होती.

मी धरलं.

"झालं का व?" सासरे शेडच्या तोंडाशी आले होते. मागं कुंदन होता. त्यांना मी दिसत होते, गाडी दिसत होती.

"नाही बाबा," मी म्हटलं. "अजून तो सोड म्हणाला नाही."