दादाचा प्रोसेसर

बघू, जरा डोळे मिटा. तुम्ही कॉम्प्युटरसमोर बसला आहात. पडद्यावर मोटारींची शर्यत रंगात आली आहे. तुमची लाल मोटार दुसऱ्या नंबरवर आहे, शेवटचं वळण समोर दिसतंय आणि बोट कळीवर घट्ट रुतलंय. तेवढ्यात पडदा काळा होतो. लाईट गेलेली नाही. डोक्यावरचा पंखा फिरतोय, शेजारच्या घरात टीव्ही चालू आहे. तुमचा कॉम्प्युटर तेवढा गप्प झालाय. आलं डोळ्यांपुढे? आता त्यात आणखी एक गोष्ट मिळवा. तो कॉम्प्युटर तुमच्या मोठ्या भावाने स्वतःच्या हातांनी जोडलेला आहे, आणि तो भाऊ आता नाही.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत राहणारी संघप्रिया त्या संध्याकाळी अशाच काळ्या पडद्यासमोर बसली होती. आठवीची परीक्षा संपून मे महिन्याची सुट्टी लागली होती. तिच्या एका बाजूला तिचा मित्र अरीब होता, दुसऱ्या बाजूला दुसरा मित्र संग्राम.

"परत मेला व्हय गं?" संग्राम बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. त्या घरात तो शब्द आता कुणी उच्चारत नसे.

संघप्रियाचा दादा, प्रसेनजीत, पॉलिटेक्निकला होता. मागच्या पावसाळ्यात साधा ताप आला म्हणून दवाखान्यात गेला, तो परत आलाच नाही. त्याचा फोटो आईने भिंतीवर लावू दिला नव्हता. तो कॉम्प्युटरच्या डब्यावरच उभा होता, पांढऱ्या फुलांचा हार घालून. रोज दिवेलागणीला आई म्हणायची, "संगे, ते चालू कर गं." आतला पंखा घुमायला लागला, की प्रसेनजीत घरात असल्यासारखं तिला वाटायचं. मग ती डब्यासमोर मेणबत्ती आणि अगरबत्त्या लावायची, त्रिसरण म्हणायची आणि त्या घरघरीकडे कान लावून बसून राहायची.

पण होळीनंतर कॉम्प्युटर वरचेवर बंद पडू लागला होता. पंखा थांबला, की आईचा चेहराही त्या पडद्यासारखाच व्हायचा.

दुसऱ्या दिवशी पप्पा डबा घेऊन राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले. संघप्रिया सोबत होती. दुकानदाराने डब्याचा एक स्क्रूसुद्धा काढला नाही. वरूनच हात फिरवला.

"आत प्रोसेसर कोण हाय?"

"सेलेरॉन. एक पॉइंट सात गिगाहर्ट्झचा," संघप्रिया म्हणाली.

"कवाचा?"

"दादानं तीन वर्षांपूर्वी घेतलाय."

"मग म्हाताराच की. गेला हो प्रोसेसर, पावणं. असं करा, हा डबा मला द्या. बदल्यात एएमडी प्रोसेसरचा नवीन डबा देतो, स्वस्तातला. पोरं खूश होतील."

"आम्हाला हाच डबा पायजे, आणि ह्याच्या मदरबोर्डात एएमडी बसत न्हाय," संघप्रिया म्हणाली. "आमचा प्रोसेसर बसायचा सॉकेट चारशे अठ्ठ्याहत्तर टाचण्यांचा हाय. त्यात बसणारा द्या की."

दुकानदार हसला. "टाचण्या मोजल्यास व्हय गं? अगं, जुन्या धोतराला नवीन ठिगळ कशाला? रविवारी गाडी घेऊन येतो, पावणं. तवर ठरवा."

परतीच्या रिक्षात पप्पा डब्याकडे बघत होते. मग म्हणाले, "संगे, डबा गेला तर बरंच होईल. तुझी आई दिवसभर त्याच्याकडंच बघत बसती. जेवणाकडं ध्यान न्हाय तिचं."

संघप्रियाने मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून ठेवला. रविवारपर्यंत त्याच डब्यात बसेल असा प्रोसेसर शोधायचा, नाहीतर डबा जाणार. एवढंच तिला कळलं.

त्या दुपारी तिघांची बैठक भरली ती मीरासाब चाचांच्या दुकानात. चाचा म्हणजे अरीबचे चुलते. टेप आणि रेडिओ दुरुस्त करायचे. "कॉम्प्युटरमधलं मला ओ का ठो कळत न्हाय," असं ते आधीच सांगून टाकायचे, पण पोरांना टेबलाचा एक कोपरा मोकळा करून द्यायचे.

अरीब सकाळी सायबर कॅफेत बसून माहिती काढून आला होता. "तीन प्रोसेसर हायत," तो म्हणाला. "पहिला नवीन एएमडी. पळतोय जोरात. पण त्याला बोर्ड नवा लागतो, म्हणजे बहुतेक रॅमपण नवी."

"मग दादाचं काय उरलं? नुसता पत्रा," संघप्रिया म्हणाली. "तो नको."

"दुसरा नवीन सेलेरॉन. टाचण्या तेवढ्याच, पण आपला बोर्ड जुना. तो त्याला ओळखायचा न्हाय."

"टाचण्या जुळल्या की झालं. ओळखायला काय सोयरीक जमवायची हाय?" संग्राम म्हणाला.

"तू दुसऱ्या शाळेत जाऊन बाकावर बसलास, तर बसता येतंय की. पण हजेरीत तुझं नाव न्हाय. मास्तर हाक मारणार हायत व्हय तुला? बोर्डाचं तसंच असतंय. बोर्ड बनला तेव्हा जे प्रोसेसर होते, तेवढेच त्याला ठावं असतात."

"आणि तिसरा?"

"जुना पेंटियम फोर, दोन पॉइंट चारचा. वापरलेला मिळतोय. आपल्या बोर्डात बसतोय, बोर्ड त्याला ओळखतोय. नुसता गरम जास्त होतोय म्हणं."

"हाच," संघप्रिया म्हणाली. दादासुद्धा दोन पॉइंट चारबद्दलच बोलायचा, हे तिला आठवलं. पुढच्या वर्षी घेऊ, म्हणायचा.

संग्राम मान हलवत म्हणाला, "गरम म्हटल्यावर जपून रं. आमच्या शिरोळच्या मामाचा ट्रॅक्टर असाच चढावर बंद पडायचा. मामा म्हणाला इंजिन गेलं. नवीन इंजिनाची भाषा चालली होती. आणि निघालं काय? रेडिएटरात उसाचं पाचट अडकलेलं. इंजिन एकदम ठणठणीत."

संघप्रिया त्याच्याकडे बघतच राहिली. "इंजिन चांगलं होतं?"

"मग. अजून पळतंय."

"अरीब, आपण नवीन निवडत बसलोय," ती हळूच म्हणाली. "पण जुना गेलाय, हे ठरवलं कुणी? त्या दुकानदारानं तर झाकणपण उघडलं न्हाय."

चादरीत गुंडाळलेला डबा अरीबच्या सायकलवरून चाचांच्या दुकानात आला. चाचांनी सवयीने आधी बाजूचा पत्रा काढला. "झाकलेलं यंत्र मला बघवत न्हाय," ते म्हणाले. उकाडा होता म्हणून त्यांनी उभा पंखाही टेबलाकडे वळवला. मॉनिटर अरीबच्या घरून आणला होता. शर्यत सुरू झाली. संग्राम तीनदा खड्ड्यात गेला, अरीब एकदा जिंकला, ऊन कलून फळीवरच्या रेडिओंवर आलं, पण कॉम्प्युटर काही बंद पडला नाही.

"हा काय गेलेला प्रोसेसर?" अरीब म्हणाला.

घरी आणून जोडला, आणि दिवेलागणीला पहिल्याच शर्यतीत पडदा काळा.

"तुमच्या घराचं पाणी मानवंना त्याला," संग्राम म्हणाला.

"गप रे. तिथं आणि इथं फरक काय, ते सांग."

"तिथं चाचा हायत."

"तिथली वीज वेगळी," अरीब म्हणाला. चाचांनी मीटर आणून घरातली वीज तपासली. ती बरोबर होती. दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा दुकानात गेला. या वेळी संघप्रियाने बाजूचा पत्रा लावला आणि पंखा बंद करायला सांगितला. घामाने तिघं निथळत होती. थोड्याच वेळात चाचांच्या दुकानातही पडदा काळा झाला.

म्हणजे दोष विजेचा नव्हता आणि घराचाही नव्हता. झाकण उघडं असलं की चालतो, लावलं की बंद पडतो. संघप्रियाने कॉम्प्युटर पुन्हा सुरू करताना डिलीटची कळ दाबून धरली. दादाने तिला ते शिकवलं होतं. निळा पडदा आला. तिथे एका ओळीत प्रोसेसरचं तापमान दिसत होतं, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो आकडा चढत होता. खालच्या ओळीत लिहिलं होतं, सत्तरच्या वर गेलं की मशीन बंद कर.

"हे दादानं घातलंय," ती म्हणाली. तिला त्याचं बोलणं जसंच्या तसं आठवलं. 'संगे, जळून जाण्यापेक्षा आपणहून झोपलेलं बरं. तेवढं शिकवलंय मी त्याला.'

इतके दिवस कॉम्प्युटर बिघडत नव्हता. दादाने सांगून ठेवलेलं ऐकत होता.

"मग तापतोय कशानं?" अरीब म्हणाला.

चाचांनी वायर काढली. पत्रा काढून संघप्रिया बॅटरी घेऊन आत वाकली. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा होता आणि त्याच्यावर छोटा पंखा. आतून गरम हवा तिच्या तोंडावर आली. ती तशीच थांबली.

"काय गं?" संग्रामने विचारलं.

"वास घे."

त्याने नाक खुपसलं. "मोगरा हाय की. अगरबत्तीचा."

चाचांच्या दुकानात अगरबत्ती नव्हती. वास यंत्राच्या पोटातून येत होता. चाचांनी पंखा सोडवून बाजूला केला, तेव्हा खालची पाती दिसलीच नाहीत. त्यांच्यावर राखाडी, चिकट, कापसासारखा थर बसला होता. रोज संध्याकाळी चालू यंत्रासमोर अगरबत्त्या जळत होत्या, आणि यंत्र तो धूर आणि ती राख श्वासासारखी आत ओढत होतं.

चाचांनी सोडवलेला पंखा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बेटा, ब्रश हाय माझ्याकडं."

"माझ्याकडं हाय," संघप्रिया म्हणाली. ती घरी जाऊन दादाचा रंगकामाचा ब्रश घेऊन आली. थर वर्तमानपत्राच्या कागदावर पडत होता आणि ती डोळे पुसत पाती साफ करत होती. कोपर त्या राखेने माखलं, तरी ते तिच्या लक्षात आलं नाही. शेवटी त्या कागदाची पुडी बांधून तिने ती घरी आणली.

रविवारी दुकानदार आला, तेव्हा अरीब, संग्राम आणि चाचा आधीच येऊन बसले होते. पप्पांनी चहा सांगितला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डबा जाणार हे तिला आजच कळलं होतं, आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"काका, जरा बसा," संघप्रिया म्हणाली. "एक शर्यत खेळून दाखवा. तुमचा चहा संपायच्या आत बंद पडला, तर डबा तुमचा."

"गेलेल्या प्रोसेसरवर?" दुकानदार हसत खुर्चीत बसला. चहा संपला. दुसरी शर्यत झाली. तिसऱ्यात तो संग्रामसारखाच खड्ड्यात गेला. पंखा मऊ आवाजात घुमत राहिला.

"कोणता घातलास गं?" त्याने विचारलं.

"तोच हाय. एक पॉइंट सात. आम्ही जुना पेंटियम निवडला होता, पण आता गरज न्हाय."

"मग झालतं तरी काय ह्याला?"

संग्रामने तोंड उघडलं आणि अरीबने त्याच्या पायावर पाय दिला. संघप्रियाने दाराकडे पाहिलं. आई तिथेच होती.

"धूळ," ती म्हणाली. "तुम्ही झाकण काढलं असतं, तर दिसली असती."

दुकानदाराचा चेहरा पडला. पण माणूस वाईट नव्हता. "चुकलंच माझं," तो म्हणाला. "पावणं, पोरगी भारी हाय तुमची. माझ्या दुकानातली माणसं एवढा इचार करत न्हाईत." चाचांनी अरीबच्या पाठीवर थाप मारली. संग्राम म्हणाला, "खरं डोकं ट्रॅक्टरवाल्याचं, हे कुणीतरी म्हणा की," आणि किती तरी दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं.

सगळे गेल्यावर पप्पांना टेबलाखाली कागदाची पुडी सापडली. त्यांनी ती उघडली, नाकाजवळ नेली. मग डब्यावरच्या फोटोकडे पाहिलं, आणि पुडी खिशात ठेवून दिली.

"तू डबा वाचवलास, बाळा," ते हळू आवाजात म्हणाले. "मी तर तो द्यायलाच निघालो होतो. पण आईला हे सांगू नगस. सोसायचं न्हाय तिला."

संघप्रियाने मान डोलावली. पण तिला कळत होतं, की सांगितलं नाही तर दिवाळीपर्यंत पाती पुन्हा भरतील. आणि एखाद्या दिवशी त्या यंत्राला झोपायला उशीर होईल, आणि ते जळून जाईल.

दिवे लागले. "संगे, ते चालू कर गं," म्हणत आई अगरबत्त्या आणि काड्यापेटी घेऊन आली. पप्पा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"आई, दादा दर रविवारी ह्याला काय करायचा, आठवतंय?"

"झाडत बसायचा. मी म्हणायची, एवढं घर झाडलं असतंस तर."

"आता कुणी झाडत न्हाय," संघप्रिया म्हणाली. "ह्याला धूर सोसत न्हाय, आई. राख आत जाऊन बसती. म्हणून बंद पडायचा."

आईच्या हातातली काडी पेटलीच नाही. ती फोटोकडे बघत राहिली, मग हातातल्या अगरबत्त्यांकडे. "म्हणजे मीच व्हय गं?" ती इतक्या हळू म्हणाली, की यंत्रातला पंखा चालू असता तर ते ऐकूही आलं नसतं. "मीच त्याला..."

पप्पा वळले. पण त्याआधीच संघप्रियाने डब्यावरचा फोटो उचलला आणि खिडकीत, वारं येईल तिथे ठेवला. आईच्या हातातून अगरबत्त्या घेऊन त्या तिने तिथेच लावल्या. मग परत येऊन तिने डब्याचा पत्रा काढला. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या जाळीत अजून थोडी राख होती. दादाचा ब्रश तिने आईच्या मुठीत दिला, तिचा हात धरून जाळीपर्यंत नेला, आणि ब्रश लागून फिरू नये म्हणून, दादा धरायचा तसं, त्या छोट्या पंख्याचं पातं एका बोटाने अलगद धरून ठेवलं.