शुक्रवारची कोरी ओळ

भोंगा वाजला तेव्हा प्रितेशच्या हातात तीन एक्के होते आणि सुट्टी लागल्यापासून तो पहिल्यांदाच जिंकणार होता.

"पानं टाक. रोजचंच आहे," भाविका म्हणाली.

साडेचार वाजले होते. भिवंडीतल्या टेमघरच्या 'कमळाई हाइट्स'मध्ये आगीचा भोंगा रोज याच सुमाराला कोकलायचा आणि आग कुठेच नसायची. पहिल्या दिवशी सात मजले धावत खाली आले होते. आता कुणी दारही उघडत नव्हतं. उलट टीव्हीचे आवाज वाढायचे.

जिना चढत होता एकटा सावळाराम. इमारतीचा वॉचमन, साठीच्या पुढचा. प्रत्येक दारावर तळहात टेकवायचा, नाक लावून वास घ्यायचा, पुढचा मजला गाठायचा. खाली आला की भोंग्याचं बटण बंद करायचा आणि केबिनमधल्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात, कोळशाने एक रेघ ओढायचा. त्याला लिहिता येत नव्हतं. पण पुढे कुणी विचारलं तर आपण चढलो होतो, एवढं तरी त्या रेघेने सांगावं.

सावळारामची नात मेघाली पानं उलटी धरून बसली होती. ती हळूच गुणगुणली,

"सात मजल्यांची माडी, तिला अठ्ठावीस दारं,
हाक मारली एकानं, निजली गं सारी घरं."

"अठ्ठावीस कशी? तुमची जिन्याखालची खोली धरून एकोणतीस," प्रितेश म्हणाला.

"ती कुनी मोजत न्हाय," मेघाली म्हणाली. मग पानांकडेच बघत तिने बातमी सांगितली. काल कमिटीचं ठरलं. आजा दुपारी झोपतो आणि झोपेत कोपराने बटण दाबतो, असं सेक्रेटरी मनोजकाकांचं म्हणणं. महिनाअखेरीस त्याला काढणार. एजन्सीचे गार्ड येणार. आजा-नात मुरबाडकडच्या गावी परत जाणार, आणि गावातली शाळा सातवीपर्यंतच. मेघालीची सातवी नुकतीच संपली होती.

प्रितेशने तीन एक्के जमिनीवर ठेवले आणि ते कुणी बघितलेही नाहीत.

"अकरा दिवस आहेत. भोंगा का वाजतो ते शोधू," भाविका म्हणाली.

"मोठ्यांना दोन वर्षांत नाही कळलं," प्रितेश म्हणाला.

"मोठ्यांनी शोधलंय कुठे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं केबिनमध्ये कॅलेंडरसमोर उभी राहिली. कोळशाच्या रेघाच रेघा. सोमवारची ओळ काळी, मंगळवारची काळी, रविवारचीही. आणि मध्येच एक ओळ पुसून घेतल्यासारखी स्वच्छ.

"शुक्रवार," मेघाली म्हणाली. "आजा, शुक्रवारी का न्हाय वाजत?"

सावळारामने टोपी काढून डोकं खाजवलं. "आता तू इचारलंस तवा ध्यानात आलं, बाय. शुक्रवारी माजं गुडघं दुखत न्हायत."

आजा शुक्रवारी झोपत नाही की काय, असं प्रितेश म्हणाला आणि मेघालीची चापट खाऊन गप्प झाला. भाविका मात्र खिडकीपाशी गेली होती. कुंपणापलीकडे लूमचे, कापड विणणाऱ्या यंत्रमागांचे, कारखाने खडखडत होते. खटक-खट, खटक-खट. तो आवाज त्यांना इतका सवयीचा होता की कानांना तो ऐकूच यायचा नाही. तो थांबला तरच कळायचा. आणि भिवंडीत लूमला सुट्टी असते शुक्रवारी.

साडेचारला तिघांनी मजले वाटून घेतले. भोंगा सुरू झाला आणि तिसऱ्या मजल्यावरून प्रितेशची हाक आली. जिन्याच्या जाळीतून पांढरं काहीतरी आत तरंगत येत होतं. कापसाचं, सुताचं, म्हातारीच्या केसांसारखं हलकं. पलीकडे कारखान्यात पाळी संपताना लूम थांबवून एक कामगार हवेच्या नळीने यंत्रांवरची रुई उडवत होता आणि मोठा पंखा ती बाहेर फेकत होता. छताला धूर ओळखणारी वाटी होती. तिच्याभोवती इतकी लव साचली होती की वाटीला दाढी आल्यासारखं दिसत होतं. त्या दाढीत तिचा लाल दिवा लुकलुकत होता.

"बिचारीला रुईच धूर वाटते," मेघाली म्हणाली.

वाटीला हात लावायचा नाही, असं सावळारामने बजावलं. मग मेघालीने त्याची काळी छत्री आणली. रुई कधी येते ते दिसावं म्हणून वाटीखालच्या कठड्याला उघडून बांधली. शुक्रवारी ती काळीच राहिली आणि भोंगा गप्प. शनिवारी तिच्यावर पांढरी साय धरली आणि भोंगा वाजला.

रविवारी सोसायटीची सभा होती. भाविका छत्री घेऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. रुई, जाळी, वाटी, कोरी ओळ. त्या वाट्या दर काही महिन्यांनी साफ कराव्या लागतात, तसं केबिनमधल्या भोंग्याच्या पॅनेलच्या दारावरच चिकटवलंय, आणि देखभालीचा करार दोन वर्षांपूर्वीच संपलाय, हेही. थोडे हसले. पुष्कळजण मोबाइलमध्ये होते.

"छत्री मिटा, बाळांनो. घरात उघडू नये," मनोजकाका म्हणाले. "एजन्सीशी सही झालीय. आणि तो भोंगा आम्ही कायमचाच बंद करणार आहोत. एक तारखेला माणूस येईल."

"म्हणजे खरी आग लागली तर?" भाविकाने विचारलं.

"आजवर लागलीय का?"

अध्यक्ष दाजींनी, ज्यांच्या शेतावर ही इमारत उभी होती, खुर्चीतून उठताना फक्त पोरांकडे एकदा बघितलं.

त्यानंतरचे दिवस फार लवकर गेले. भोंगा वाजत राहिला, सावळाराम चढत राहिला, रेघा वाढत राहिल्या. मेघालीने वह्यांचा गठ्ठा बांधला. पुस्तकं भाविकाला दिली. "आठवीची हायत. मला काय करायची?" एवढंच म्हणाली. आपण खरं शोधून काढलं आणि त्याने काहीच बदललं नाही, हे प्रितेशला सगळ्यात जास्त बोचत होतं. त्याने पत्ते कुठेतरी फेकून दिले.

महिन्याचा शेवटचा शुक्रवार होता. लूम बंद. सगळीकडे अशी शांतता, की कावळ्याचे पंख ऐकू यावेत. तिघं केबिनच्या पायरीवर काही न खेळता बसली होती.

आणि भोंगा वाजला.

वरच्या मजल्यांवर सवयीने टीव्ही मोठे झाले. मेघाली आधी उठली. "आज शुक्रवार हाय," ती म्हणाली.

पॅनेलवर पाचव्या मजल्याचा दिवा पेटला होता. सावळाराम जिन्याकडे वळलाच होता. पोरं मागे निघाली, तसा तो दरडावला, "वर कुनी यायचं न्हाय. तुमी हितूनच हाका मारा." मेघाली क्षणभर त्याच्या सदऱ्याला धरून राहिली. मग तिने हात सोडला आणि फायर ब्रिगेडला फोन लावला.

केबिनमध्ये सगळ्या घरांचे इंटरकॉम होते. भाविकाने सातव्या मजल्यापासून सुरुवात केली. प्रितेश अंगणात जाऊन खिडक्यांकडे तोंड करून ओरडू लागला. आग, आग, असं कुणीतरी रोजच गमतीने ओरडायचं. म्हणून भाविका प्रत्येक फोनवर एकच वाक्य बोलत होती.

"आज शुक्रवार आहे. लूम बंद आहेत. खाली या."

पलीकडे आधी त्रासिक आवाज यायचा. सभेत हसलेल्यांनाही ती कोरी ओळ आठवत होती. मग दार उघडल्याचा आवाज.

पाचव्या मजल्यावर वायरिंगच्या कपाटातून काळा धूर निघत होता. कपाटाशेजारी कुणीतरी जुन्या गाद्या रचून ठेवल्या होत्या आणि त्या पेट घेऊ लागल्या होत्या. वरच्या मजल्यांवरची माणसं धूर दाट व्हायच्या आत, तोंडाला ओले रुमाल लावून खाली उतरली. मनोजकाका उतरले, अनवाणी, हातात टीव्हीचा रिमोट तसाच धरून. दाजी उतरले. भाविका मोजत होती. सव्वीस, सत्तावीस. अठ्ठाविसावं घर सातव्या मजल्यावरच्या गोदूबाईंचं. त्यांना ऐकू येत नसे.

शेवटी त्या आल्या, सावळारामच्या पाठीवर बसून. त्याचा श्वास भात्यासारखा वाजत होता. त्याने गोदूबाईंना पायरीवर बसवलं आणि खोकत खोकत विचारलं, "समदी आली?"

"आली, बाबा," भाविका म्हणाली.

बंब आला. आग पाचव्या मजल्यावरच विझली. कुणालाही इजा झाली नाही.

रविवारी सभा भरली. तिघांना पुढे बसवलं, शाल दिली, पुस्तकं दिली. दाजी म्हणाले की या पोरांनी सोसायटीचं डोकं ठिकाणावर आणलं. मनोजकाकांनी सगळ्यांसमोर कान पकडले. भोंगा आता बंद होणार नव्हता. वाट्या साफ होणार, जाळीला पडदा बसणार, करार पुन्हा होणार. टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबायच्या आत भाविका बोलली. "आणि सावळाबाबा?"

मनोजकाकांनी खाली बघितलं. एजन्सीचा कागद पक्का झाला होता. त्यांचे गार्ड चाळिशीच्या आतलेच असतात. दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, हे आधी ऐकायला हवं होतं आम्ही," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी सावळाराम ट्रंक घेऊन निघाला. तो रडला नाही. "भोंगा वाजला आन मानसं उठली," तो म्हणाला. "लय झालं." मेघालीने केबिनमधलं कॅलेंडर गुंडाळून भाविकाच्या हातात दिलं. भाविकाने आठवीची पुस्तकं तिच्या ट्रंकेवर ठेवली. शाळा नसली तरी वाच, असं तिला म्हणायचं होतं. मेघालीने पुस्तकं उचलून छातीशी धरली आणि रिक्षा सुटली.

शाळा सुरू झाल्यावर एका शुक्रवारी भोंग्यांची देखभाल करणारी निशाताई आली. तिने छोट्या ब्रशने एकेक वाटी साफ केली, जाळीचा पडदा तपासला आणि सगळ्यांना सांगून चाचणीसाठी भोंगा वाजवला. सातही मजल्यांची दारं उघडली. माणसं रांगेने खाली आली. मनोजकाका वही घेऊन मोजत होते आणि अठ्ठावीस झाल्यावर खुशीत म्हणाले, "सगळी आली."

भाविका जिन्याखाली बघत होती. तिथल्या खोलीत आता झाडू आणि रंगाचे डबे होते. दाराला बाहेरून कडी होती.

"एकोणतीस," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. फक्त प्रितेशने तिच्याकडे बघितलं, आणि केबिनमध्ये जाऊन, नव्या कॅलेंडरच्या शुक्रवारच्या ओळीत कोळशाने एक रेघ ओढली.