यादीतली रिकामी ओळ

हे खरं घडलंय. पटलं तर वाचा, नाहीतर पुढे सरका. कुणाला घाबरवायची हौस नाही मला. मीच इतकी घाबरलेय की पुरे.

आणि आधीच सांगते, यात अमावस्या नाही, पडकी विहीर नाही, केस मोकळे सोडलेली बाई नाही. भर दुपार होती. गुरुवार, तीन वाजून दहा मिनिटं. आमच्या ऑफिसचा तिसरा मजला, टेस्टिंगची खोली. सगळे दिवे चालू होते.

आमची कंपनी एक छोटं मशीन बनवते. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, त्यांच्या उशाशी ठेवायचं. श्वास थांबला की बजर वाजतो आणि माणूस दचकून उठतो.

माझं काम त्या मशीनला झोपवायचं. हसू नका, खरंच. काम नसलं की मशीनने आपोआप झोपायचं, म्हणजे बॅटरी वाचते. पण झोपण्याआधी ते आपल्या प्रत्येक भागाला विचारतं, 'तयार?' स्क्रीनला, सेन्सरला, बजरला. एकानेही 'तयार नाही' म्हटलं की झोपणं रद्द. सगळ्यांनी जागं राहायचं.

त्यातही क्रम असतो. आधी हाताखालचा भाग झोपतो, मग त्याच्या वरचा. उठताना उलट. आधी वरचा उठतो आणि तोच खालच्याला उठवतो. घरात नाही का, पोरं झोपल्याशिवाय आई आडवी होत नाही, आणि सकाळी आईच आधी उठून पोरांना उठवते. तसंच.

एवढं लक्षात ठेवा.

आमच्या साहेबांना आम्ही बॅटरीसाहेब म्हणायचो. बॅटरी जास्तीत जास्त टिकली पाहिजे, दिवसभर हा एकच जप. आणि आमचा बजर भारी हट्टी. निम्म्या वेळा 'तयार नाही' म्हणायचा.

साहेब म्हणाले, "त्याला विचारायचं कशाला? नाही म्हणाला तरी झोपवा."

मी कोडमध्ये एक ओळ लिहिली. बजर काहीही म्हणाला तरी ते 'तयार' समजायचं.

एकच ओळ.

टेस्टिंगला आक्का होत्या. वयाने सगळ्यात मोठ्या, तोंडाने सगळ्यात फटकळ. कुणी पेंगताना दिसलं की पेनाने टेबलावर दोनदा टकटक करायच्या. "ऊठ, काम राहिलंय!"

माझी ओळ बघून त्या भडकल्या. "अगं बाई, श्वास मंदावला म्हणून तो नाही म्हणतोय! त्याचं कामच ते आहे. त्याचंच तोंड दाबून ठेवलंस?"

त्यांनी कागदावर लाल पेनाने 'नापास' लिहिलं आणि शुक्रवारी निवांत घरी गेल्या. त्या गेल्यावर साहेबांनी ते खोडून 'पास' लिहिलं. खाली माझी सही घेतली.

मी केली. शेवटी साहेब होते ना ते.

त्याच संध्याकाळी माझी ओळ दोनशे बारा घरांतल्या मशीनवर आपोआप गेली. त्यातलं एक आक्कांच्या उशाशी होतं. त्यांनाही तोच आजार होता.

रविवारी दुपारी जेवून त्या जरा आडव्या झाल्या. श्वास मंदावला. मशीनला वाटलं, आता काही काम नाही. ते झोपलं. बजरलाही झोपवलं.

आक्का उठल्याच नाहीत.

सोमवारी त्यांचा भाऊ ते मशीन घेऊन ऑफिसात आला. "हे वाजलं का नाही?"

साहेब म्हणाले, "आक्कांनी चार्जिंगला लावलं नसेल."

भावाने माझ्याकडे बघितलं. मी मूग गिळून गप्प बसले. दोनशे अकरा घरांत माझी ती ओळ अजून होती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मग तो गुरुवार आला.

टेबलावर चाळीस मशीन मांडून मी झोपण्याची टेस्ट लावली. बजरचं तोंड तर मीच बंद केलेलं. नाही म्हणायला कुणी उरलंच नव्हतं.

एकही मशीन झोपलं नाही.

मी यादी उघडली. स्क्रीन, तयार. सेन्सर, तयार. बजर, तयार. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ... जिथे नावच नव्हतं. नुसती रिकामी जागा, आणि पुढे उत्तर.

तयार नाही.

चाळीसच्या चाळीस मशीनवर तेच.

मी एक खोलून बघितलं. आत जादा काही नव्हतं. तेवढ्यात स्क्रीनवर श्वासाची रेघ हलायला लागली. सेन्सर कुणालाच लावलेला नव्हता हो! तरी रेघ वर... खाली... वर... आणि मग सपाट.

चाळीस रेघा एकदम सपाट. आणि बजर गप्प. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती.

साहेब आले, बघितलं, हसले. "भूतबित काही नाही. पुसून टाक ती ओळ."

माझा हात पुढे होईना. त्यांनी स्वतः पुसली.

त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

डोळे मिटले की कानाशी बजर वाजायचा म्हणे. घरात मशीन नाही. शेजारी झोपलेल्या बायकोला काही ऐकू येत नाही. गोळ्या झाल्या, डॉक्टर झाले. आठवड्यात माणूस ओळखू येईना.

अकराव्या दिवशी दुपारी ते टेस्टिंगच्या खोलीत आले. म्हणाले, "ती यादी दाखव."

उघडली. रिकामी ओळ परत आली होती. आता सगळ्यात वर. तिच्या खाली एक नंबर, त्याखाली आणखी एक. साहेबांनी गळ्यातलं ओळखपत्र उलटं करून बघितलं. पहिला नंबर त्यांचा होता.

खालचा माझा.

त्यांच्या नंबरापुढे लिहिलं होतं, 'खालचा जागा आहे. थांबा.'

खालची मी होते, आणि मीही झोपले नव्हते. डोळा लागायचा आणि आक्कांचा भाऊ समोर उभा राहायचा.

साहेबांनी हात जोडले. एवढा मोठा माणूस, रडत होता. "झोप गं बाई. तू झोपलीस तरच मला झोप लागेल."

ते केबिनमध्ये गेले. मी नाही झोपायचं ठरवलं होतं, देवाशपथ. पण डोकं कधी टेबलावर टेकलं, कळलंच नाही.

मग... टकटक.

पेन टेबलावर आपटल्याचा आवाज. अगदी कानाजवळ.

"ऊठ. काम राहिलंय."

मी ताडकन उठले. खोलीत कुणी नव्हतं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी केबिनकडे धावले. साहेब खुर्चीत मान टाकून बसले होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच श्वास अडकला.

परत येऊन यादी बघितली. साहेबांचा नंबर गेला होता. मी आता थेट रिकाम्या ओळीखाली होते.

त्या संध्याकाळी मी आक्कांच्या भावाकडे गेले. लाल पेनाचा तो कागद दिला, माझी सही दाखवली, सगळं सांगितलं. त्याने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

तो म्हणाला, "आधी ती मशीन परत आणा. सगळी."

गेलेली ओळ ऑफिसात बसून मागे घेता येईना. तेव्हापासून मी घरोघर जाऊन मशीन गोळा करतेय. आता झोप लागते मला. पण गजर ऐकू येत नाही. आई हलवते, तोंडावर पाणी मारते. म्हणते, "मेल्यासारखी झोपतेस गं, जीव जातो माझा." मी हलतसुद्धा नाही.

मग टकटक होते... "काम राहिलंय"... आणि मी उठते.

रोज. आक्कांनी उठवलं तरच.

परवा दोनशे दहावं मशीन आलं. आता एकच उरलंय, एका रिटायर्ड पोस्टमनकडचं. ते मुलीकडे राहायला गेले होते, पत्ता मिळत नव्हता. काल त्यांचा फोन आला. "बाई, मीच आणून देऊ का ऑफिसात?"

एक क्षण वाटलं, सांगावं, राहू द्या तुमच्याकडेच. खोटं कशाला बोलू? खरंच वाटलं. ते मशीन आलं की माझं काही काम राहत नाही.

पण त्यांच्या उशाशीही तोच मुका बजर आहे.

म्हटलं, "आणा. आणि तोवर त्याच्या भरवशावर झोपू नका."

गुरुवारी येतो म्हणाले, तीनच्या सुमाराला. आज मंगळवार आहे. मी कालपासून पाचव्यांदा चहा केलाय, आणि आई विचारतेय, अशी जागी किती दिवस राहणार आहेस.