मूठभर वाळू

दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन, आणि टाकीवर चिटपाखरू नाही! इंदिरानगरच्या बागेशेजारी पालिकेनं मांडलेल्या विसर्जनाच्या टाकीपाशी तेजश्री छत्री धरून उभी होती, आणि एकेक गाडी तिच्या नाकावर टिच्चून गोदावरीकडे निघून जात होती.

ती पालिकेच्या पर्यावरण विभागात कनिष्ठ अभियंता. मूर्ती नदीत जाऊ नयेत म्हणून ही टाकी तिनंच भांडून मागून घेतलेली. साहेब हो म्हणाले खरे, पण यंदा लोक आले नाहीत तर पुढच्या वर्षी इथली टाकी बंद, हेही त्यांनी ऐकवलं होतं. बिचारीचा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात एक गाडी थांबली. उतरला तो सार्थक... मूळचा निफाडचा, इथं ठिबक सिंचनाचं दुकान चालवणारा, आणि हसला की गालाला खळी पडणारा. खळी आपण तेव्हा पाहिलीच नाही, असं तेजश्री आजही म्हणते. आपण मान डोलवावी.

मागच्या सीटवर त्याची आई मालनबाई मांडीवर गणपती घेऊन बसली होती. तिनं काच खाली करून टाकीकडे निरखून पाहिलं.

"वाळू कुठं हे, बाई?"

"वाळू?... ती कशाला?"

"अगं, गणपती बोळवला की मूठभर वाळू पाटावर ठेवून घरी न्यायची. वाळू घरात ऱ्हायली की देव फिरून घरी येतो. मोकळा पाट नाय नेत आमी."

तेजश्रीनं कपाळावर हात मारला. आरतीचं टेबल, निर्माल्याचा कलश, सगळं तिनं आठवणीनं मांडलं होतं. तिच्या घरीसुद्धा बाबा दरवर्षी नदीवरून वाळू आणत, आणि नेमकं तेच ती विसरली! लोकांना टाकीचं वावडं नव्हतंच. रिकामा पाट घेऊन घरी जाणं त्यांच्या जिवावर येत होतं.

सार्थकनं आईला गाडीतच बसायला सांगितलं आणि तेजश्रीची स्कूटर मागितली. अनोळखी माणसाला किल्ली कशी दिली, कोण जाणे... पण दिली. तो नदीवरून परतला तो नखशिखांत भिजून, बादलीभर वाळू घेऊन. तोवर मालनबाईंनी तिचं गाव, नोकरी, आणि लग्न ठरलंय का, सगळं विचारून घेतलं होतं.

त्या दिवशीचा पहिला गणपती टाकीत विसर्जित झाला. वाळू मिळते म्हटल्यावर पुढच्या गाड्याही थांबू लागल्या.

पाचव्या दिवशी सार्थक शेजाऱ्यांचा गणपती घेऊन हजर. गौरींबरोबर मावशीचा. दर वेळी हातात वाळूची नवी बादली.

"कॉलनीतले सगळे गणपती पोचवायचं कंत्राट घेतलंय का हो?" तेजश्रीनं विचारलं.

"नाही... वाळू संपली असेल म्हणून."

"बादली भरलेली आहे."

"मग – नीट भरलीय का, ते बघायला."

ती हसू लपवायला निर्माल्याच्या कलशात उगाच डोकावली. झेंडूचा ओला वास आला.

अनंत चतुर्दशीला दुपारपासूनच टाकीवर रीघ लागली. साहेब स्वतः येऊन बघून गेले आणि टाकी पुढच्या वर्षीही राहील म्हणाले. तेजश्रीला खरं तर नाचावंसं वाटायला हवं होतं. पण बाईसाहेबांचे डोळे सारखे रस्त्याकडे! तिला स्वतःचाच राग आला.

दिवेलागणीला, भुरभुर पावसात, तो आला. रिकाम्या हातांनी.

"आज कुणाचा गणपती?"

"कुणाचाच नाही. ओळखीतले सगळे संपले." तो घुटमळला. "आई म्हणाली, आता देवाच्या आड लपू नकोस, खरं काय ते सांग."

"मग सांगा की."

"तुम्ही आवडता मला, तेजश्री. पुढच्या भाद्रपदापर्यंत थांबणं... जमायचं नाही."

तिला एकदम भरून आलं. तिनं बादलीत हात घातला, तळाची ओली वाळू मुठीत घेतली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"घरी न्या. वाळू घरात राहिली की फिरून घरी येतात म्हणे."

"कोण... गणपती?"

"तो येईल भाद्रपदात," ती म्हणाली. "मी रविवारी येते. आईंना सांगून ठेवा."