एका दिव्याच्या दोन सावल्या

पोरांनो, ही गोष्ट अनंताची. पालेगावचा अनंता, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्यानं ती मला दोनदाच सांगितली, आणि दोन्ही वेळा शब्द न शब्द तीच. सन पंचावन्न, मार्गशीर्षातली वद्य पंचमी. दिवेलागणीला अनंता पायलीभर खडेमीठ न्यायला घरी आला होता.

“एवरं मीठ कुनाला चारतंस रं?” बायको, पुतळाबाई, चुलीपुढून म्हणाली. “म्हैस तं नाय आपल्याकडं.”

“दिव्याला.”

“दिवा तेल खातं. मीठ नाय.”

“तुला नाय कलायचं.”

“मना दिवा कलत नाय, ना तुज्या सायबाला तू कलत नाय. बरी जोडी हाय.”

अनंतानं मीठ फडक्यात बांधलं आणि निघाला. बायको चुकीचं बोलली नव्हती, म्हणून तर जास्त झोंबलं.

साहेब म्हणजे श्यामकांत. अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी. त्यांची धाकटी बहीण पद्मजा नाचायची. पण ते देवादिकांचं, राजाराणीचं नाचणं नव्हे. गाणं नाही, गोष्ट नाही, नुसतं अंग, ढोलकी आणि उजेड. त्यासाठी श्यामकांतांनी उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात एक रिकामी लष्करी बराक भाड्यानं घेतली, मागे पांढरा पडदा ताणला आणि समोर एकच मोठा दिवा लावला. दिव्याचा उजेड हळूहळू चढवा-उतरवायचा तर विलायती यंत्र लागतं. ते परवडेना. मग मातीचं पिंप आणलं. त्यात मिठाचं पाणी, तळाशी शिशाचा एक पत्रा, दुसरा वर दोरीला टांगलेला. वीज त्या पाण्यातून जायची. वरचा पत्रा खाली सोडला की दिवा चढे, वर ओढला की उतरे. मीठ कमी पडलं तर दिवा धड पेटत नसे, जास्त झालं तर भसकन उजळे.

अनंताचे वाडवडील मिठागरातले. मिठागर गेलं तेव्हापासून तो मिळेल ती हमाली करी. पाणी जिभेला लावून मीठ किती ते सांगणारा माणूस, पण त्याची ही विद्या कुणी कधी विचारली नव्हती. श्यामकांतांनी विचारली, आणि दोरी त्याच्या हाती दिली. तेव्हापासून अनंता मान वर करून चालायचा. ती दोरी सुटू नये, एवढंच त्याचं मागणं.

पण सहा दिवस एक खोड जाईना. दिवा एक, नाचणारी एक, आणि पडद्यावर सावल्या दोन.

त्यानं खिडक्यांना गोणपाटं ठोकली. छपराच्या पत्र्याची भोकं चिखलानं बुजवली. दाराची पितळी कडीसुद्धा चकाकते म्हणून फडक्यानं बांधली. सावल्या दोनच.

त्या रात्री नऊला शेजारची पिठाची गिरणी थांबली, वीज स्थिरावली, आणि तालीम सुरू झाली. पद्मजानं दोन्ही हात वर केले. पडद्यावर चार हात वर गेल्यासारखे दिसले... दोन तिचे, दोन मागून.

श्यामकांतांनी वही आपटली. “अनंता! दुसरा उजेड कुठून येतोय?”

“सायेब, दिवा एकच हाय. तुमीच मोजा.”

“मोजून मोजून डोळे गेले माझे! उद्या खेळ आहे. आज रात्रीत ही सावली गेली नाही, तर उद्या दादरहून माणूस आणतो. तू दोरी सोडायची.”

“दादा,” ढोलकीवाला मधू म्हणाला, “त्या सावलीलाही बिदागी द्या. फुकट नाचतेय बिचारी.”

तिघं सिंध्याच्या दुकानात चहाला गेले. अनंता एकटा राहिला. त्यानं पिंपात मीठ टाकलं, काठीनं ढवळलं, आणि चिडून पत्रा पार खाली सोडला. दिवा चढला. समोर कुणी नाही. पडदा कोरा असायला हवा होता...

नव्हता.

एक सावली उभी होती.

वर काही लोंबतंय का, त्यानं पाहिलं. काही नाही. तो दिव्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याची स्वतःची सावली पडली. ती शेजारीच. त्यानं हात उचलला.

अर्धा श्वास मागून... तिनंही.

भीती वाटलीच. पण सहा दिवसांची चीड भीतीहून मोठी होती. अनंता रडकुंडीला आला.

“अगो बाय, तू कोन, मी इचारत नाय. पन माजी दोरी जाईल गो. एका दिव्याला दोगी नाय चालत. दोगींतली एक जा. कोन पन एक... जा.”

सावली बाजूनं उभी होती, नाक आणि हनुवटी स्पष्ट दिसत होती. ती दोन्ही हळूहळू डोक्याच्या गोलात मिसळून गेली. म्हणजे... तिनं तोंड त्याच्याकडे वळवलं होतं.

मग पडदा कोरा झाला.

दुसऱ्या दिवशीचा खेळ असा झाला की काय सांगू. सावली एकच. शेवटाला अनंता दोरी हळूहळू ओढत होता, पुटपुटत चाळीसपर्यंत मोजत होता, आणि दिवा विझला नाही, मावळला. अंधारात टाळ्यांचा पाऊस पडला. श्यामकांतांनी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “दोरी तुझीच, अनंता. कायमची.”

निघताना वाट अंधारी, म्हणून अनंता कंदील घेऊन त्यांना अंबरनाथपर्यंत पोचवायला गेला. पुढे श्यामकांत, पद्मजा, मधू. मागे कंदील. पद्मजा खुशीत होती, बडबडत होती.

“ताई, तू तालात होतीस,” मधू म्हणाला, “पण तुझी सावली आज मागे पडत होती हं. अर्धी मात्रा.”

“गप रे, चहाटळ!”

अनंताचे पाय थांबले.

त्यानं कंदील उंच धरला. पुढच्या धुळीत सावल्या लांबच लांब पडल्या. श्यामकांतांची. मधूची...

मधे पद्मजा हसत चालली होती. तिच्या पावलांपुढची धूळ स्वच्छ उजळलेली होती. अगदी टोकापर्यंत.