आधी जाग्याचा आवाज

कंदिलाची वात खाले करा रे. आन तू, भिताडाले टेकून बसला तो, मधात हासशीन तं उठून घरी जाय. मले ते आवडत नाई. ही काई आजाच्या आजाची गोष्ट नाई. दोन वर्सं झाली फक्त. ज्याच्यावर बितली तो उकंडराव माह्या सोयऱ्यातला मानूस. आता बजारात कंदील दुरुस्त करत बसते, तुमी पाह्यलं असन त्याले. त्यानं मले एकदाच सांगतली. दुसऱ्यांदा इचारलं तं उठून गेला.

सन छप्पनचा एप्रिल, सात तारीख, शनवार. पाडवा पाच दिवसावर व्हता. रात्री साडेआठच्या गाडीनं उकंडराव जऊळक्याच्या टेसनावर उतरला. संगं दोन वझे, एक मशीनची पेटी आन एक बॅटरी. तांड्यावरचा देवला बैलगाडी घेऊन वाट पाहत बसला व्हता. दोघायनं मिळून पेटी गाडीत ठेवली, खाले कडबा घातला, आन निघाले. तीन कोस रस्ता.

उकंडराव तवा रेडिओच्या हापिसात व्हता. बोलनारा नाई हां, ओझं उचलनारा. आवाज धरनारं मशीन उचलायचं, बॅटऱ्या भरून ठेवायच्या, तारा जोडायच्या, आन काम चालू झालं का घड्याळ हातात घेऊन बसायचं. त्याचे साहेब म्हन्जे इंद्रभान साहेब, रेकॉर्डिंगचे इंजिनेर. आपल्याच मुलखातले, कामरगावकडचे. पन खेड्यापाड्यात त्याईले नावानं कोनी वळखत नसे. आवाजवाले साहेब म्हनलं का लेकरू बी रस्ता दाखवे.

साहेबाची एक रीत व्हती. गानं कोनाचं बी असो, आधी ते डावा हात वर करत. हात वर गेला का सगळे चूप. बैलाच्या गळ्यातली घंटी बी कोनी मुठीत धरून ठेवे. साठ मोजेपावतर मशीन नुसतंच चाले, रिकामं. उकंडराव घड्याळात पाहून मोजे. त्यानं सुरवातीले इचारलं व्हतं का साहेब, फीत एवढी महागाची, रिकामी काहून घालवता? तवा साहेब म्हनले, "उकंडराव, जाग्याले बी आवाज असते. आधी तो घ्यायचा, मंग मानसाचा."

साठ झाले का हात खाले. मंग साहेब सोता बोलत. तारीख, गाव, गानारनीचं नाव, आन तथी जे जे बसले असन त्या सगळ्याईचे नावं. गाडीवाल्याचं बी. पानी आनून देनाऱ्या बाईचं बी. ज्याईचं नाव जन्मात कोनी नीट घेतलं नाई, त्याईचं नाव साहेब असे शुद्ध भाषेत, ठासून घेत, का ऐकनाऱ्याच्या डोळ्यात पानी ये. म्हनून लोकं जीव टाकत त्याईच्यावर. उकंडराव तं सहा वर्सं त्याईच्या सावलीवानी फिरला.

आता ज्या तांड्यावर गाडी चालली व्हती, तथी साहेब दोन वर्सं आधी गेलते. गोमतीबाईच्या पोरीचं, मोतीबाईचं लगन व्हतं. तांड्यात नवरी निघताना मायच्या गळ्यात पडून रडत गाते, त्याले ढावलो म्हन्तेत. पोरगी गाते आन माय तसंच रडत तिले उत्तर देते. मोतीबाई गायली. अशी गायली का साहेबानं कानावरची यंत्रं काढून डोळे पुसले. पन गोमतीबाई मशीनले भ्याली. पोरगी गळ्यात पडून रडून राह्यली आन मायच्या तोंडून आवाजच निंगेना. पोरगी बिनउत्तराची सासरी गेली.

आन दीड वर्सानं पहिल्या बाळंतपनात मेली.

गोमतीबाईनं देवलाले, म्हन्जे आपल्या पोराले, हापिसात धाडलं. मले एकदा ऐकवा म्हने, माह्यं उत्तर द्यायचं राह्यलं. साहेबानं सबद देल्ला का होळी झाली का मी सोता फीत घेऊन येतो. पन होळीच्या आठ दिवस आधी साहेबच गेले. कावीळ झालती. उकंडरावनं खांदा देल्ला. साहेबाच्या खिशात कायम एक जांभळ्या शिशाची पेन्सिल राहे, जिभेवर ओली करून लिवायची. फितीच्या डब्यावर त्याच पेन्सिलीनं नावं लिवत. ती पेन्सिल उकंडरावनं आपल्या हातानं त्याईच्या सदऱ्याच्या खिशात घातली. ती बी संगंच जळाली.

आता मेख ऐका. साहेब दवाखान्यात व्हते, तवा शेतकीचे एक मोठे अधिकारी हापिसात भाषन द्यायले आले. कोरी फीत शिल्लक नाई. उकंडरावनं घाईत फळीवरून हाताले लागला तो डबा ओढला, फीत चढवली, भाषन घेतलं. आवाजावर आवाज घेतला का खालचा मरते. मंग डब्यावरचं नाव वाचलं, तं मोतीबाईची फीत. त्यानं झाकनावरचं ते जांभळं नाव दाढीच्या पत्तीनं खरडून काढलं आन कोनाले बोलला नाई. दोन दिवसानं साहेबानं त्याचा हात धरला. म्हनले, गोमतीबाईची फीत नीट हाय ना? उकंडराव म्हनला, हाय साहेब. मरनाऱ्या मानसाले खोटं सांगतलं, पोट्टेहो.

आन साहेबाचा सबद पाळला असं दिसावं म्हनून त्या राती तो दुसरं खोटं घेऊन चालला व्हता. सोमवारी वाशिमले भजनाचं काम व्हतं, त्या नावाखाली मशीन मिळालं. डबा तोच, नाव खरडलेला, पन त्यात फीत कोनती? दुसऱ्याच तांड्यातल्या दुसऱ्याच पोरीचा ढावलो. रडताना सगळ्या पोरी सारख्याच, म्हातारीले काय समजते, असा त्याचा हिशेब. मायले समजते का नाई हे समजायले मायच व्हा लागते. पन भ्यालेल्या मानसाची अक्कल गहान पडलेली असते.

तं गाडी चालली व्हती. अंधार व्हता, चांद पाहाटे निंगनार. रातकिडे किर्रकिर्र करून राह्यले व्हते. देवला बहिनीच्या गोष्टी सांगत व्हता.

टेसन अर्धा कोस मांगं पडलं. आन रातकिडे चूप झाले.

सगळे. एकदम. दूर एक कुत्रं भुकत व्हतं, ते बी चूप. बैल थांबले, माना हालवल्या पन घंट्या वाजल्या नाई. देवला म्हनला, हे काय झालं गा भाऊ? उकंडरावचे ओठ आपोआप हालून राह्यले व्हते. सहा वर्साची सवय. बावीस... तेवीस... चोवीस...

साठ झाले. आन किडे परत ओरडाले लागले.

देवला हासला. म्हने, वाघाबिघाची चाहूल लागली असन. उकंडराव बी हासला. पन त्यानं फितीचा डबा मांडीवर घेतला आन दोनी हातानं धरून बसला.

नाल्यात गाडी उतरली. पानी थोडंसं वाह्यत व्हतं. मधात गेले... आन पान्याचा आवाज थांबला. पानी वाह्यतच व्हतं. आवाज नव्हता. उकंडरावनं डोळे मिटले. मोजायचं नाई म्हनलं. तरी मोजलं. साठाले पानी परत वाजलं.

आता देवला हासत नव्हता.

तांड्याचे दिवे दिसाले लागले. तिसऱ्यांदा झालं ते तथी. सगळं चूप. गाडी मांगून दबली. कोनी चढून बसलं का दबते, तशी. बैलाच्या माना वर झाल्या.

देवलानं मांगं पाह्यलं नाई. हळूच म्हनला, "भाऊ... मांगं कोन बसलं?"

उकंडरावनं बी पाह्यलं नाई. अठ्ठावन... एकोनसाठ...

साठ. गाडी तशीच दबेल राह्यली. पार दारापावतर.

गोमतीबाई दारात दिवा घेऊन बसली व्हती. तिनं भाकर करून ठेवली व्हती, पन इचारलं ते एवढंच, आनली का भाऊ? उकंडरावनं हो म्हनून मान हालवली. अंगनात मशीन मांडलं, बॅटरी जोडली. डबा उघडला, फीत चढवली, खटका दाबला. आन मशीनमधून आवाज आला, "शेतकरी बंधूंनो, कपाशीच्या लागवडीपूर्वी..."

त्यानं खटकन बंद केलं. ही फीत तं तो हापिसाच्या कपाटात, सगळ्यात खाले ठेवून आलता. डबा त्यानं सोता भरला व्हता. गाडीत एकदा बी मांडीवरून खाले ठेवला नाई.

मंग त्याले रडू फुटलं. म्हातारीच्या पायाशी बसला आन सगळं सांगतलं. फीत कशी पुसली, साहेबाले काय सांगतलं, आन इथं काय करनार व्हता. देवला उठला व्हता, हातात गाडीची उभारी व्हती, बाजूचा तो लाकडी दांडा. गोमतीबाईनं हातानंच त्याले बसवलं. मंग म्हनली, "लाव."

"माय, त्याच्यात आता काईच नाई वं."

"इतक्या दूर आनलं ना? लाव."

त्यानं फीत उलटी फिरवली. सुरवातीपासून लावली. खटका दाबला.

कपाशी नाई.

काईच नाई. नुसती फीत फिरत व्हती.

रातकिडे चूप झाले. दिव्याची जोत हालेना. तांड्यातलं एक लेकरू रडून राह्यलं व्हतं, ते थांबलं. उकंडराव मोजत व्हता. मोठ्यानं. त्याले कळलं बी नाई.

साठ.

आन साहेब बोलले. तोच आवाज. शुद्ध. ठासून.

"तारीख सात एप्रिल, एकोणीसशे छप्पन्न. शनिवार. जऊळक्याजवळचा तांडा. ढावलो. गाणार, मोतीबाई... आणि तिची आई, गोमतीबाई. हजर, देवला. हजर... उकंडराव."

जरासा थांबला आवाज. मंग म्हनला, "सुरू करा."

पोट्टेहो, त्या दिवशी साहेबाले जाऊन वीस दिवस झाले व्हते.

मोतीबाईनं हाक मारली. "याडी..." तांड्याच्या बोलीत मायले याडी म्हन्तेत. एक हाक, आन ढावलो सुरू झाला. देवलाच्या हातातली उभारी खाले पडली. गोमतीबाई मशीनजवळ सरकली. तिनं दोनी हात असे पसरले, गळ्यात कोनी पडलं का धरतेत तसे. आन ती गायली. पोरगी थांबे तवा माय गाये. माय थांबे तवा पोरगी. उकंडराव म्हने का फितीतली पोरगी थांबत व्हती, दादा, मायचं पुरं होईपावतर थांबत व्हती. फितीले थांबता येते का? तुमीच सांगा.

किती वेळ चाललं त्याले सांगता आलं नाई. फीत सपली आन तिचं टोक चाकावर फटफट वाजाले लागलं. तवा कुठं रातकिडे परत ओरडाले लागले.

गोमतीबाईनं पदरानं तोंड पुसलं. रागावली नाई, शाप देल्ला नाई. फक्त म्हनली, "साहेबाले सांगजो, पोचलं म्हना." कोनाले सांगू, कुठं सांगू, हे इचारायची हिंमत उकंडरावले झाली नाई. भाकर तशीच राह्यली.

पाहाटे देवलानं त्याले टेसनावर सोडलं. गाडी हलकी चालत व्हती. टेसनावर कोनी नव्हतं. उकंडरावले राहवलं नाई, त्यानं बाकड्यावर मशीन मांडलं, तारा जोडल्या, फीत लावली. कपाशी. सुरवातीपासून शेवटापावतर कपाशी. बियानं, खत, बोंडअळी, जय हिंद. साहेब नाई, माय नाई, पोरगी नाई. त्यानं दोनदा ऐकलं. मंग त्यानं मनाले समजावलं का आपल्या जिवाले लागून राह्यलं व्हतं, म्हनून तसं झालं. देवलाले बी झालं असन. असं होते.

फीत उतरवून डब्यात ठेवली. झाकन लावाले घेतलं. उजाडत आलं व्हतं, तवा दिसलं.

झाकनावर जथी त्यानं पत्तीनं नाव खरडलं व्हतं, तथीच जांभळ्या अक्षरात लिवेल व्हतं. ७ एप्रिल. मोतीबाई, गोमतीबाई. साहेबाचंच अक्षर, ती ल ची वाकडी दांडी बी तशीच.

उकंडरावनं अंगठा फिरवला त्याच्यावर.

अक्षर पुसलं. अंगठा जांभळा झाला. ते ओलं व्हतं.