धोट्याचा डावा डोळा

सरळ रेघेवरून चालायला शिकवलेला यंत्रमानव गोल गोल का फिरेल? सांगा पाहू. केतकीला काही केल्या सांगता येत नव्हतं, आणि तिच्या हातात उरली होती फक्त दहा मिनिटं.

साल होतं २०४३. कोल्हापूरच्या स्पर्धेत काळ्या रेघेवरून औषधांची डबी पूरछावणीपर्यंत पोचवायची होती. संधी तीन. केतकीच्या चमूचा, म्हणजे इचलकरंजीच्या मुलांचा, यंत्रमानव 'धोटा' (मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळतो ना, त्याचंच नाव) दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा डावीकडे वळून घाण्याच्या बैलासारखा फिरत बसला. तिसऱ्यांदाही तेच झालं, तर वर्षभराची मेहनत पाण्यात.

"तुझाच प्रोग्रॅम गंडलाय," केतकी प्रज्योतवर खेकसली. "काल काहीतरी बदललंस ना?"

"काही नाही बदललं." प्रज्योतने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "विश्वास नसेल तर तूच लिही नवा." तो भिंतीशी जाऊन बसला. स्पर्धा तर हातची चाललीच होती, आता मित्रही चालला होता.

तिने गणूआजोबांकडे पाहिलं. आजोबांनी चाळीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केले होते. गेल्या वर्षी आपल्या बंद शेडमध्ये मुलांना गोळा करून हा चमू त्यांनीच उभा केला, पण एका अटीवर: स्क्रू-ड्रायव्हर मुलांच्या हातात, आजोबांचे हात पाठीमागे. आजही ते तसेच उभे होते. अशा वेळी केतकीला त्यांचा भारी राग यायचा.

"धागा तुटला की माग काय करतो गं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"थांबतो."

"त्याला कसं कळतं?"

"धाग्यावर पत्ती अडकवलेली असते. धागा तुटला की ती खाली पडते," ती वैतागून म्हणाली.

"म्हणजे माग आधी बातमी घेतो, मग ठरवतो. यालाच प्रत्याभरण म्हणायचं (आपल्या कामाचा परिणाम पाहून पुढचं काम सुधारणं). धोट्याला बातमी कोण देतं?"

"त्याचे सेन्सर (उजेड-अंधार ओळखणारे यंत्राचे डोळे). डाव्याला काळं दिसलं की तो डावीकडे वळतो, उजव्याला दिसलं की उजवीकडे."

"मग आधी बातमी देणाऱ्याला विचार. हुकूम देणाऱ्यावर नंतर ओरड."

केतकीने दोन्ही डोळ्यांपुढे पांढरा कागद धरला. पांढऱ्यावरून उजेड भरपूर परततो, म्हणजे स्क्रीनवर दोन्ही डोळ्यांचे आकडे मोठे यायला हवेत. उजवा म्हणाला नव्वद. डावा म्हणाला बारा! कोऱ्या कागदावर डाव्या डोळ्याला सगळीकडे काळी रेघच दिसत होती. म्हणून बिचारा सारखा डावीकडे वळत होता.

तिने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सकाळी निघताना तिनेच धोट्याची पूजा केली होती, खंडेनवमीला मागाची करतात तशी. ओलं कुंकू ओघळून डाव्या डोळ्यावर वाळलं होतं.

"प्रज्योत, चुकले रे मी," ती म्हणाली. "तुझा प्रोग्रॅम बरोबर आहे. मीच याला आंधळं केलं."

प्रज्योत उठून आला, डाग बघून खो खो हसला, आणि रुमाल ओला करून त्यानेच डोळा पुसला. आकडा झाला नव्वद. केतकीला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

तिसऱ्या वेळी धोटा रेघ न सोडता थेट छावणीत पोचला.

"आजोबा, तुम्हाला सकाळीच दिसलं होतं ना?"

"कुठलं गं? मी तर डोळे मिटून हात जोडले होते," आजोबा ओशाळून म्हणाले.

तेवढ्यात समोरच्या रांगेतली एक चिमुरडी टेबलाशी आली. "ताई, असा मला करता येईल?"

केतकीने स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला. मदत करायला केतकीचे स्वतःचे हात नुसते शिवशिवत होते. तिने ते पाठीमागे घट्ट धरले आणि विचारलं, "आधी सांग, याला दिसतं कसं?"